शमी कोणती, बाभूळ कोणती? – वृक्षपरिचयाचा एक पाठ



विजयादशमीच्या सायंकाळी आपण एकमेकांस सोने देतो. वडील माणसांच्या पाया पडून त्यांच्या हाती आपट्याचे पान ठेवतो. आपल्या या हैदराबाद शहरात तर दुहेरी सोने लुटले जाते. मराठी घरांतून आपटा निघतो आणि शेजारचे तेलुगु बंधू शमीचे, त्यांच्या भाषेत ‘जम्मी’चे, पान हातात देऊन आलिंगन देतात. परंतु आपण जे पान देतो ते खरोखर आपट्याचे असते काय? जी डहाळी शमी म्हणून पूजेच्या ताटात येते ती शमीचीच असते काय? हा प्रश्न मी दुसऱ्या कोणास विचारण्यापूर्वी स्वतःस विचारला पाहिजे. कारण या बाबतीत मोठी चूक माझ्याच हातून घडलेली आहे.

मी त्या वेळी पंधरा वर्षांचा असेन. दसऱ्याच्या सकाळी वडिलांनी मला शमी आणावयास पाठविले. जवळच्या मोकळ्या मैदानात बारीक पानांचे एक काटेरी झुडूप होते. बारीक पाने आणि काटे, एवढीच शमीची खूण माझ्या मनात होती. हात ओरबाडून घेऊन मी भली मोठी जुडी तोडून आणली व मोठ्या ऐटीने देवापुढे ठेवली. देवळाच्या पायरीशी फुले विकणाऱ्या एका वृद्ध बाई होत्या. त्यांनी ती जुडी पाहिली आणि हळूच म्हटले, “पंतुलुगारू, इदि जम्मि कादु.” पुजारीबुवा, ही शमी नव्हे!

मी शरमेने लाल झालो. वडील मात्र रागावले नाहीत. त्यांनी त्या बाईंना हात जोडले, त्यांच्याकडील खरी डहाळी घेऊन पूजा सांग केली आणि मला एवढेच म्हणाले, “चूक झाडाची नाही रे, आपल्या डोळ्यांची आहे. उद्या पहाटे माझ्याबरोबर चल.” दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आमच्या गल्लीमागील पडीक जागेत उभी असलेली शमी दाखविली. त्या पहाटे जे शिकलो, त्यातील थोडे आज येथे मांडीत आहे.

१. झाड कसे पाहावे?

अनोळखी माणूस भेटला की आपण त्याचा चेहरा, चाल, बोली व गाव लक्षात घेतो. झाडाच्या बाबतीतही पाच गोष्टी क्रमाने पाहाव्यात: झाडाची एकंदर ठेवण, खोडाची साल, पान, काटा आणि शेवटी फूल व फळ. एकाच खुणेवर विसंबू नये. माझी चूक तीच झाली.

यांपैकी पान नीट पाहण्यास थोडी समज लागते. काही झाडांचे पान साधे असते, जसे आंब्याचे किंवा वडाचे. काहींचे संयुक्त असते, म्हणजे एकाच देठावर अनेक लहान दले असतात, जसे कडुलिंबाचे किंवा चिंचेचे. पान कोणते आणि दल कोणते हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. पानाचा देठ जेथे फांदीस चिकटतो त्या बेचक्यात एक बारीक डोळा, म्हणजे अंकुर, असतो. दलाच्या बुडाशी तो नसतो. आपण ज्यांस बेलाची तीन पाने म्हणतो, त्यांच्या बुडाशी पाहा. डोळा एकच आढळेल. म्हणजे ती तीन पाने नसून तीन दलांचे एकच पान होय. आपल्या पूर्वजांनी त्यास ‘त्रिदल’ म्हटले, ते किती नेमके!

२. शमी आणि वेडी बाभूळ

शमीस मराठीत सौंदड असेही म्हणतात. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रे शमीवर ठेवली, ही विराटपर्वातील कथा सर्वांस ठाऊक आहे. राजस्थानात हाच वृक्ष खेजडी या नावाने ओळखला जातो. इ. स. १७३० मध्ये जोधपूरजवळील खेजडली गावी राजाची माणसे ही झाडे तोडावयास आली, तेव्हा अमृतादेवी व त्यांच्यामागोमाग बिश्नोई समाजाचे लोक झाडांना मिठी मारून उभे राहिले. ३६३ जणांनी प्राण दिले. आपल्या तेलंगण राज्यानेही २०१४ साली जम्मीस राज्यवृक्षाचा मान दिला.

आता तिची ओळख. शमी हे मध्यम उंचीचे, सावकाश वाढणारे झाड आहे. फांद्या बारीक व किंचित झुकलेल्या असतात. पान दुहेरी संयुक्त. दले अगदी लहान व राखट हिरवी. भर उन्हाळ्यात इतर झाडे सुकत असता तिला नवी पालवी येते, कारण तिची मुळे फार खोल जातात. फुले पिवळसर, बारीक व लांबट तुऱ्यांत येतात. शेंगा लांब व बारीक असतात. राजस्थानात त्यांचीच ‘सांगरी’ म्हणून भाजी करतात.

आणि मी तोडून आणली ती? ती वेडी बाभूळ. हिला विलायती बाभूळही म्हणतात. ही मूळची अमेरिका खंडातील असून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या देशात आणली गेली. आज ओसाड जागा, तळ्यांचे काठ आणि रेल्वेच्या कडेची जमीन तिने व्यापून टाकली आहे. दोघींचे पान दुरून सारखे दिसते, परंतु काटा पाहताच भेद कळतो. वेडी बाभळीचे काटे लांब व कठीण असून पानाच्या बुडाशी, बहुधा जोडीने, येतात. शमीचे काटे आखूड व बुडाशी रुंद असून दोन पानांच्या मधल्या भागात फांदीवर विखुरलेले असतात. आपली नेहमीची बाभूळ तर आणखी निराळी: तिचे काटे पांढरे व सरळ, आणि फुले पिवळी, गोल, लहानशा गोंड्यासारखी.

३. आपटा आणि कांचन

दसऱ्याच्या बाजारात आपटा म्हणून पानांचे जे ढीग येतात, त्यांत पुष्कळदा कांचनाची पाने असतात. दोन्ही एकाच कुळातील, दोन्हींची पाने टोकाशी दुभंगलेली, म्हणून फसगत होते.

आपट्याचे पान लहान असते. बहुधा ते दोन बोटांच्या पेरांवर मावते आणि त्याची रुंदी लांबीहून थोडी अधिक असते. ते जाड व खरखरीत असून खालची बाजू फिकट राखी असते. झाड ठेंगणे व वेडेवाकडे, साल काळपट व भेगाळ, फुले लहान व फिकट पिवळसर. कांचनाचे पान बरेच मोठे, कधी कधी तळहाताएवढे, व स्पर्शास पातळ असते. फुले मोठी व देखणी, जांभळी, गुलाबी किंवा पांढरी असतात. संस्कृतात आपट्यास अश्मंतक व कांचनास कोविदार म्हणतात.

येथे एक सांगणे अवश्य आहे. कांचन आपटा नव्हे म्हणून तो हीन ठरत नाही. वाल्मीकिरामायणात भरताच्या ध्वजावर कोविदाराचे चिन्ह होते असे वर्णन आहे. त्याचा मान त्याच्या जागी आहे. आपण एकाचे नाव दुसऱ्यास देतो, तेव्हा दोघांचाही अनादर करतो. शिवाय पान मोठे तेवढे सोने मोठे, या समजुतीने फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. सोने म्हणून एक पान पुरते. त्यासाठी फांदीचा बळी कशास?

४. बेल आणि त्याचे सोबती

बेलाच्या तीन दलांपैकी मधले दल मोठे असून त्याचा देठ लांब असतो. पान चुरडले की सुगंध येतो. फांदीवर सरळ, तीक्ष्ण काटे असतात आणि फळाचे कवच लाकडासारखे टणक असते. तेलुगुत बेलास ‘मारेडु’ म्हणतात. वायवर्ण नावाच्या झाडासही तीनच दले असतात; परंतु त्यास काटे नसतात, आणि बहराच्या वेळी लांब केसरांची पांढरी फुले येऊन पुढे ती पिवळी पडतात. कवठाचे फळ बेलफळासारखे दिसते खरे, पण कवठाच्या पानास तीनाहून अधिक दले असतात. तेव्हा तीन दले, काटा व सुगंध ही तिन्ही लक्षणे जुळली, तरच बेल समजावा.

५. वड, पिंपळ आणि उंबर

हे तिघे सख्खे भाऊच होत. तिघांनाही पांढरा चीक, तिघांचीही फुले फळाच्या आत लपलेली. म्हणून तर क्वचित भेटणाऱ्या माणसास आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. वस्तुतः उंबरास फुले पुष्कळ असतात, पण ती फळाच्या पोटात असतात. आणि त्यांचे परागीभवन अतिशय बारीक जातीचा एक कीटक आत शिरून करतो. वडाचा कीटक वेगळा, पिंपळाचा वेगळा. एवढ्याशा जिवाच्या येण्याजाण्यावर एवढ्या महावृक्षाचा वंश अवलंबून आहे, हे कळल्यावर ईश्वराच्या योजनेपुढे मस्तक नम्र होते.

वडाचे पान जाड व लंबगोल, फळे लाल व जोडीने येणारी, आणि फांद्यांपासून लोंबणाऱ्या पारंब्या. पिंपळाचे पान हृदयाच्या आकाराचे, त्यास शेपटीसारखे लांब टोक. देठ लांब असल्यामुळे मंद वाऱ्यातही ते सळसळते. उंबराची फळे खोडावर व जाड फांद्यांवर घोसाने लगडतात. एवढी एक खूण पुरते. तेलुगुत यांस अनुक्रमे मर्री, रावी व मेडी म्हणतात. शेजाऱ्यांची ही नावे मुलांस अवश्य शिकवावीत. कारण या शहरात झाडाचा पत्ता विचारावयाचा तर तो बहुधा त्याच नावाने मिळतो.

ज्येष्ठी पौर्णिमेस माताभगिनी वटपूजन करतात. शहरात वड दूर असल्यामुळे बाजारातून वडाची तोडलेली फांदी आणून तिची पूजा करण्याची चाल पडली आहे. ज्या वृक्षापाशी दीर्घायुष्य मागावयाचे त्याचाच अवयव तोडून आणावयाचा, यातील विसंगती भगिनींनी शांतपणे विचारात घ्यावी. चार घरांनी मिळून उभ्या वडापाशी जावे, हे अधिक शोभेल.

६. खोटा अशोक

शाळांच्या व इमारतींच्या कुंपणाशी जी उंच, सडसडीत, नागमोडी कडांच्या पानांची झाडे आपण अशोक म्हणून ओळखतो, तो खरा अशोक नव्हे. खऱ्या अशोकाचे पान संयुक्त असते. त्याची कोवळी पालवी तांबूस व मलूल लोंबणारी असते, आणि वसंतात त्यास नारिंगी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात. खोट्या अशोकाची फुले हिरवट असून सहसा लक्षातही येत नाहीत. अशोकवनात सीतामाई बसल्या होत्या तो कोणता, हे मुलांस सांगताना दोहोंत गल्लत होऊ देऊ नये.

७. आपल्या शहराचे वृद्ध रहिवासी

झाडे ओळखण्याचे फळ काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच शहरात उभे आहे.

दिनांक २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीस महापूर आला. सहस्रावधी माणसे वाहून गेली. त्या वेळी अफझलगंज भागातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे १५० माणसांनी आपले प्राण वाचविले. पुढे त्याच परिसरात उस्मानिया रुग्णालय उभे राहिले, आणि ती चिंच रुग्णालयाच्या आवारात राखली गेली. पुराच्या स्मृतिदिनी नागरिक तिच्याखाली जमून मृतांस आदरांजली वाहतात. चिंचेखाली भूत असते म्हणून तिला घाबरणाऱ्या मुलांस ही कथा अवश्य सांगावी. आणखी एक गंमत: चिंच मूळची आफ्रिकेतील मानली जाते, आणि अरबांनी मात्र तिला ‘हिंदचा खजूर’ असे नाव दिले! परकी म्हणून आलेली ही वृक्षमाता आपल्याकडे इतकी रुजली की तिच्यावाचून आमटी होत नाही, आणि आमच्या शहरात तर तिने माणसे तारली.

गोवळकोंड्यास नया किल्ल्यात गोरखचिंचेचा एक प्रचंड वृक्ष आहे. लोक त्यास ‘हातियां का झाड’ म्हणतात. त्याच्या खोडाचा घेर सुमारे २७ मीटर असून वय ४०० वर्षांहून अधिक सांगतात. खोड आतून पोकळ आहे व त्यात कित्येक माणसे मावतात. नावात चिंच असली तरी चिंचेशी त्याचे नाते नाही. त्याचे पान हाताच्या पाच बोटांसारखे असते, आणि वर्षातील बराच काळ ते निष्पर्ण उभे असते. त्या स्थितीत ते पाहून कोणी वाळले असे समजू नये.

महबूबनगरजवळचा ‘पिल्ललमर्री’ म्हणजे लेकुरवाळा वड. पारंब्यांची खोडे होत होत त्याने ३ एकरांहून अधिक जागा व्यापली आहे. त्याचे वय सुमारे ७०० वर्षे मानतात. २०१८ साली त्यास वाळवीने ग्रासले, तेव्हा माणसास सलाईन लावतात त्याप्रमाणे बाटल्या टांगून त्याच्या अंगात थेंबथेंब औषध सोडण्यात आले व तो वृक्ष सावरला. हैदराबादहून चेवेळ्ळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुतर्फा वडांची राई आहे. रस्ता रुंद करण्यासाठी ते वड जाणार असे दिसताच नागरिकांनी हरित लवादापर्यंत धाव घेतली.

या सर्वांतून निघणारे तात्पर्य एकच. चिंचेची कथा लोकांस ठाऊक होती, म्हणून ती राहिली. लेकुरवाळ्या वडास लोक ओळखत होते, म्हणून त्यास औषध मिळाले. ज्याची ओळख आहे त्याचीच राखण होते.

८. आमच्या गल्लीमागील शमी

आता जे सांगावयाचे ते सांगताना मन जड होते. वडिलांनी मला दाखविलेली ती शमी आज नाही. काही वर्षांपूर्वी त्या पडीक जागेवर इमारत उठली. एके दिवशी दुपारी मी परतलो तेव्हा तेथे केवळ बुंधा होता व फांद्या गाडीत भरल्या जात होत्या. कामावरील माणसास मी विचारले. तो साधेपणाने म्हणाला, “काटेरी बाभूळ होती, काढून टाकली.” त्याच्याशी भांडण्यास मला तोंड राहिले नाही, कारण पंधराव्या वर्षी मीही उलट दिशेने हीच चूक केली होती. शेजारच्या घरी विचारले, तर त्यांनाही ती शमी असल्याचे माहीत नव्हते.

त्या रात्री मी वडिलांस सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी तुला दाखविली, तू कोणाकोणास दाखविलीस?”

या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. मला ती ओळखता येऊ लागली, दर दसऱ्यास मी तेथून एक डहाळी आणू लागलो, एवढ्यावर मी संतुष्ट होतो. शेजाऱ्यांस, गल्लीतील मुलांस, जागेच्या मालकास मी कधी सांगितले नाही. सांगितले असते तर ती वाचलीच असती असे म्हणवत नाही. परंतु राज्यवृक्ष म्हणून, देववृक्ष म्हणून कोणीतरी एक शब्द तरी उच्चारला असता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या न दिलेल्या उत्तराची, उशिराने का होईना, फेड होय.

९. आपण काय करावे?

पहिली गोष्ट, प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरापासून देवळापर्यंतच्या वाटेवरील झाडे मोजावीत व त्यांची मराठी, तेलुगु व उर्दू नावे एका वहीत लिहावीत. दुसरी, पूजेसाठी पत्री घेताना विक्रेत्यास ‘हे कशाचे पान?’ असे आदराने विचारावे. पुष्कळदा त्यांना आपल्याहून अधिक कळते. तिसरी, गणेशपूजेच्या पत्रीत कण्हेर, रुई व धोत्रा हीही येतात. ती विषारी आहेत. म्हणून लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत आणि हाताळल्यावर हात धुवावेत. चौथी, शमी, आपटा व बेल यांची रोपे ज्यांच्या अंगणात जागा आहे त्यांनी लावावीत. शमी सावकाश वाढते, म्हणून आजच लावावी.

मुलांसाठी अभ्यास:

(१) बेलाचे पान घेऊन त्याच्या बुडाशी असलेला डोळा शोधा. तो किती ठिकाणी आढळतो?
(२) आपटा व कांचन यांचे एकेक गळलेले पान वहीत चिकटवा व तीन भेद लिहा.
(३) तुमच्या रस्त्यावरील ‘अशोक’ खरा की खोटा? कशावरून?
(४) शमी व वेडी बाभूळ यांच्या काट्यांची जागा रेखाटून दाखवा. काटा आईवडिलांच्या देखत पाहावा.
(५) तुम्ही ओळखलेले एक झाड दुसऱ्या दोघांस दाखवा व त्यांची नावे लिहा.

पाचवा प्रश्न वडिलांचा आहे. तो मुलांबरोबर मोठ्यांनीही सोडवावा, एवढीच विनंती.

आमच्या अंगणातील कुंडीत गेल्या पावसाळ्यात शमीचे एक रोप लावले आहे. अद्याप ते वीतभरच आहे. येत्या दसऱ्यास त्याचे पान कोणी तोडू नये. परंतु पाहावयास मात्र सर्वांनी अवश्य यावे.